शिकाऱ्याचे पाय, वारकऱ्याचे पाय



वाचकहो, वारकऱ्यांच्या मासिकात शिकारीचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडू नये. आपले ग्रंथ उघडून पाहा. दशरथाच्या पुत्रशोकाचे मूळ शिकारीत आहे, पांडूच्या शापाचे मूळ शिकारीत आहे, आणि भगवान श्रीकृष्णांनी अवतार आवरला तोही एका व्याधाच्या बाणाचे निमित्त करून. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. परका झाला आहे तो आपण माळ घातल्यावर, 'ते आपले नव्हे' असे म्हणून त्याकडे पाठ फिरवली म्हणून.

माझ्या धाकट्या भावाचा नातू पुण्यास नोकरीला आहे. दिवाळीत घरी आला होता. त्याच्या मोबाइलवर आफ्रिकेतल्या शिकारीची चित्रे होती, ती त्याने मला दाखवली आणि विचारले, "आजोबा, गाडीत बसून लांबून बंदूक झाडणे हे भ्याडपणाचे, हे मला पटते. पण हे लोक पायी जातात. ऊन, काटे, तहान सोसतात. समोरचे जनावर उलटले तर जीव जाईल हे माहीत असून जातात. यात काहीच थोर नाही का? तुम्हीही वारीचे थोरपण सांगताना ती पायी असते हेच आधी सांगता."

मी म्हणालो, पाप ते पाप, पायी केले काय आणि पालखीत बसून केले काय. पोर गप्प बसले. मीही जेवलो आणि आडवा झालो. पण झोप येईना. त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते, त्याचे तोंड बंद केले होते. आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदाच केले असेही नव्हते. त्याची हकिकत पुढे येईल.

आधी त्याने सांगितलेले सांगतो. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस या पाचांना आफ्रिकेतले शिकारी 'पाच मोठे' म्हणत आले आहेत. हे मोठेपण आकाराचे नाही. तसे असते तर जिराफ आणि पाणघोडा त्यात आले असते आणि बिबट्या गळाला असता. पायी जाऊन मारण्यास जे सर्वांत अवघड आणि जिवावरचे, ते हे पाच. त्यातही रानम्हशीचे नाव काढताना जुने शिकारी आवाज खाली आणतात. ती घायाळ झाली की दाट झुडपात शिरते, फेरा घेऊन आपल्याच मागावर परत येते आणि मागून येणाऱ्याची वाट पाहत उभी राहते. हत्तीच्या मागे जाणारे बरोबर राखेची पुरचुंडी ठेवतात. चिमूटभर राख सोडून वारा कुठून वाहतो ते पाहतात, कारण वारा फिरला आणि माणसाचा वास गेला की सगळे संपले. एलँड नावाचे बैलाएवढे हरीण आहे, ते धोक्याचे नाही, पण थांबतच नाही. त्याच्या मागावर दिवस दिवस चालावे लागते.

हे करायला लांबलांबचे धनिक लाखो रुपये मोजून जातात आणि शिंगे घरी आणून भिंतीवर लावतात. केनियासारख्या देशाने १९७७ सालीच अशी हौसेची शिकार बंद केली, काही देशांत ती परवान्याने अजून चालते. माग कोण काढतो म्हणाल, तर तिथलाच कोणी अनवाणी माणूस. भिंतीवर शिंगे लागतात तेव्हा त्याचे नाव शिंगांखाली नसते.

हे ऐकताना मला आमचा सातपुडा आठवला. आमच्याकडेही हेच झाले आहे. १८२५ साली जेम्स औट्राम नावाच्या तरुण इंग्रज अंमलदाराने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावी होते. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो मुख्यतः शिकारीने. वाघाच्या मागे तो पायी जाई, आणि त्याच्या आगेमागे भिल्ल असत. दहा वर्षांत त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या हातून दोनशेच्या आसपास वाघ पडले. पुढे तो मोठा सेनापती झाला, त्याची चरित्रे लिहिली गेली. पण झुडपात आधी कोण शिरले? रक्ताचा थेंब पानावर कोणी ओळखला? त्यांतल्या किती जणांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? आणि ज्या खानदेशात एवढे वाघ होते, तिथे आज आमच्या पोरांना वाघ चित्रात दाखवावा लागतो.

असो. मूळ प्रश्न असा की कष्टाने आणि धोक्याने कर्माला थोरवी येते काय?

माणसाचे मन 'येते' म्हणायला उत्सुक असते. अवघड ते मोठे, असे आपल्याला उगीचच वाटते. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक बाण करणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो एवढा गढला की समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळले नाही. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा, आणि नाथमहाराजांनी त्याच स्कंधावरील टीका १५७३ साली काशीस पूर्ण केली. या कारागिराकडून एकाग्रता घ्यावी, असे अवधूत सांगतो. पण तो जे करत होता त्याकडे पाहा. बाण! कोणाच्या तरी काळजात शिरणारी वस्तू. अवधूताने त्याची एकाग्रता घेतली, बाण घेतला नाही. म्हणजे लक्ष देणे, कष्ट घेणे, भय जिंकणे ही मोठी हत्यारे आहेत, पण हत्यारेच. बगळाही एका पायावर उभा राहतो.

इथवर माझे उत्तर सोपे होते आणि कीर्तनात मी ते अनेकदा दिले आहे. याला जोडून नामदेवरायांची गोष्ट सांगायची. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. शिकारीही जनावरामागे धावतो, नामदेवरायही धावले. पाय तेच, धावणे तेच. एकाच्या हातात बाण, एकाच्या हातात तूप. या दृष्टांताला माना डोलतात, टाळ वाजतात, आणि कीर्तनकाराला वाटते की आपण सिद्धांत सांगितला.

पण ज्याच्या घरी भाकरीच नाही, तो तुपाची वाटी कोठून आणणार? हा प्रश्न मला कोणी मंडपात विचारला नाही. कारण ज्याने विचारावा त्याला मी आधीच गप्प केले होते.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नंदुरबार जिल्हा अजून झालेला नव्हता, तळोदे तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावी हरिनाम सप्ताह होता आणि पाचव्या दिवसाचे कीर्तन माझे होते. गावात निम्मी वस्ती भिल्लांची. मंडपाच्या कडेला, खांबाला टेकून एक म्हातारा बसला होता. अंगावर घोंगडी, हातावर गोंदण. भजनाला तो टाळी वाजवत होता, आणि ती टाळी तालात होती. सर्वांची नसते.

मी त्या दिवशी जरा व्याधाची कथा लावली होती. यदुकुळाचा अंत झाल्यावर भगवंत पिंपळाखाली पाय मांडीवर घेऊन बसले होते. जरा नावाच्या पारध्याला तो आरक्त तळवा हरणाच्या तोंडासारखा दिसला आणि त्याने बाण सोडला. कथा रंगात आली होती. मध्येच मला काय सुचले कोण जाणे. मंडळींतल्या कोणीतरी मला दुपारी सांगितले होते की तो कडेला बसतो तो जुना शिकारी आहे. मी त्याच्याकडे हात केला आणि म्हणालो, ज्या हातांनी मुकी जनावरे मारली ते हात हरिनामाच्या टाळीला शोभतात का, विचारा बरे त्यांना! लोक हसले. मृदंगावर थाप पडली. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले, आणि दोन्ही हात घोंगडीत घेतले.

वाचकहो, मी ते पाहिले. 'मला दिसलेच नाही' असे म्हणायची सोय मला नाही. कीर्तन संपल्यावर मी मनाशी म्हणालो की शब्द लागला, पश्चात्ताप झाला, म्हणजे कीर्तन फळले. प्रसाद घेतला, नारळ आणि शाल घेतली, जीपमध्ये बसलो आणि निघालो.

आणखी एक गंमत पाहा. ज्या कथेत भगवंत आपल्या पायात बाण मारणाऱ्याला भिऊ नकोस म्हणतात आणि स्वतःच्या आधी त्याला वर धाडतात, ती कथा सांगत असताना मी हे केले. कथा माझ्या जिभेवर होती आणि मी पोथीबाहेर उभा होतो.

दोन वर्षांनी तळोद्यास पुन्हा जाण्याचा योग आला. त्या गावचा एक टाळकरी भेटला. बोलता बोलता म्हणाला, "महाराज, तो बाबा आता मंडपात येत नाही. भजन सुरू झाले की बाहेर चिंचेखाली बसतो. ऐकतो, पण टाळी वाजवत नाही." त्याने हे तक्रार म्हणून सांगितले नव्हते, सहज सांगितले. पण मला त्या रात्री कीर्तन नीट करता आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गावी गेलो. पावसाळा होता, नाल्याला पाणी होते, गाडी अलीकडेच थांबली. पुढे चिखलातून पायी गेलो. बाबा आपल्या ओसरीत खाटेवर बसला होता. मला पाहून खाट मोकळी केली, पाणी दिले. त्यांच्या बोलीत लहानथोर सर्वांना 'तू' असते, पण त्याने मला आधी 'आप' म्हटले. मी चकित झालो. मग कळले. १९३० नंतरच्या दशकात तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज झाले. आपल्याच भिल्ल बांधवांना त्यांनी दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानाने 'आप' म्हणा असे सांगितले, आणि माणसे हजारोंनी त्यांच्या आरतीला जमू लागली. या बाबाचा बाप त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन तिथे जात असे. बापाने मोरवडला शपथ घेऊन तीरकमठा टाकला तो कायमचा. म्हणजे मी ज्याला अहिंसा शिकवायला निघालो होतो, त्याच्या घरात ती माझ्या जन्माआधी येऊन गेली होती.

"मग तुम्ही शिकार कशी केली?" मी विचारले.

तो म्हणाला, "बापाची शपथ मी मोडली. बहात्तरच्या दुष्काळात मोडली. पोरं उपाशी होती. मोडली ती मोडलीच."

त्याने स्वतःची बाजू मांडली नाही, हे लक्षात घ्या. मी त्याच्या जागी असतो तर आपद्धर्माचे दाखले दिले असते, विश्वामित्राची गोष्ट सांगितली असती. त्याने एवढेच म्हटले, आणि मग त्या शिकारीची हकिकत सांगितली. त्याच्याच शब्दांत सांगता येणार नाही, त्याची बोली मला लिहिता येत नाही. पण सार असे.

संध्याकाळी एका रानडुकराला त्याचा तीर लागला, पण वर्मी लागला नाही. डुक्कर पळाले. अंधार पडत होता. बरोबरचा माणूस म्हणाला, सोड, घरी चल, घायाळ डुक्कर अंधारात माणसाला फाडते. बाबा परतला नाही. रात्र झाडावर काढली, विस्तव केला नाही. पहाटे तिरप्या उजेडात, जेव्हा मातीवरच्या खुणांना सावली पडते तेव्हा, पुन्हा माग धरला. कुठे गवताची काडी वाकलेली, कुठे दगडावर वाळलेला थेंब, कुठे माश्या. दोन डोंगर ओलांडले. दुपारी टणटणीच्या जाळीत ते सापडले. ते उठले आणि अंगावर आले. बाबाने मांडीवरचा व्रण मला दाखवला, वीतभर लांब होता. तिथे त्याने त्याला संपवले.

मी विचारले, "मांसासाठी एवढा जीव धोक्यात घातला?"

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मांसासाठी तीर मारला. मागे गेलो ते मांसासाठी नाही. घाव माझा होता. ते तिथं पडून तीन दिवस मेलं असतं. घाव घालून घरी कसं जायचं?"

"मोठे होते का?" मी विचारले. हा प्रश्न मी का विचारला ते मलाच कळत नाही. तो म्हणाला, "पाड्याला पुरलं."

त्यानंतर मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. त्या दिवशी मंडपात मी बोललो ते चुकले, असे म्हणालो. पाया पडायला वाकलो, तर त्याने धरले. म्हणाला, "खोटं नव्हतं बोललास. हातांनी मारलीच आहेत. पण बोलून निघून गेलास."

आता इथे थांबून दशरथाकडे पाहू. शिकारीत सर्वांत अवघड काय? डोळ्यांना दिसत नसता, काळोखात, नुसत्या आवाजावर बाण सोडणे. ती शब्दवेधी विद्या दशरथाला येत होती आणि तरुणपणी तिचा त्याला गर्व होता. शरयूच्या काठी, पावसाळ्याच्या रात्री, घागर बुडण्याचा आवाज त्याने हत्तीचा समजला. बाण अचूक लागला. कौशल्य परिपूर्ण, आणि पडला तो आंधळ्या आईबापांचा मुलगा. आपण कीर्तनकार ही कथा इथे आणून थांबवतो, किंवा शापापाशी नेऊन संपवतो. पण मधला भाग वाचा. बाण सोडून तो राजपुत्र अंधारात निघून जाऊ शकला असता. पाहणारे कोणी नव्हते. तो आवाजाच्या दिशेने चालत गेला. मुलाचा प्राण जाताना जवळ थांबला. मग पाण्याची घागर भरून त्या आंधळ्या आईबापांकडे गेला, आणि तुमचा मुलगा आला नाही, मी आलो, मीच त्याला मारले, हे स्वतःच्या तोंडाने सांगितले. नदीपासून त्या झोपडीपर्यंतचे अंतर किती असेल? फार नसावे. पण ते चालणे शब्दवेधी बाणापेक्षा अवघड होते, असे मला वाटते. शाप त्याला तिथे मिळाला, हेही खरे. पण रामायणात दशरथ आपल्याला जवळचा वाटतो तो त्या बाणामुळे नव्हे, त्या घागरीमुळे.

जरा व्याधाचेही तसेच. आपला बाण कुठे लागला ते पाहायला तो जवळ आला, म्हणून त्याला दर्शन झाले. लांबूनच पळाला असता तर भगवंतांच्या पायात बाण मारून भगवंतांवाचून राहिला असता.

माझ्या नातवाने पुढे फोनवरून मला आणखी एक हकिकत वाचून दाखवली. आफ्रिकेतच कालाहारीच्या वाळवंटात सान म्हणून लोक राहतात. तेही पायी शिकार करत आले, पोटासाठी. त्यांचे तीर लहान असतात आणि एका किड्याच्या अळीचे विष त्यांना लावलेले असते. विष हळू चढते, म्हणून तीर लागल्यावर कधी एक दिवस, कधी त्याहून जास्त, जनावराच्या मागे चालावे लागते. रिचर्ड ली नावाचे अभ्यासक १९६० नंतरच्या दशकात त्यांच्यात राहिले होते. नाताळला त्यांनी सर्वांसाठी एक धष्टपुष्ट बैल विकत घेतला. तर जो तो येऊन त्यांना हिणवू लागला की हा कसला बैल, नुसती हाडे, यात काय खायचे! ली बिचारे हिरमुसले. बैल कापला तर चरबीने भरलेला. मग त्यांना उलगडा झाला. त्या लोकांची रीतच अशी. शिकारी मोठे जनावर मारून आला की स्वतः गप्प बसतो, विचारले तर काही विशेष नाही म्हणतो, आणि मांस आणायला गेलेले लोक त्याच्या तोंडावर त्या शिकारीला नावे ठेवतात. शिकार जितकी मोठी, तितके नावे ठेवणे जास्त. कारण स्वतःला मोठा समजू लागलेला माणूस एक दिवस कोणाचा तरी घात करील, असे ते मानतात. म्हणून त्याचे मन आधीच थंड करायचे.

हे ऐकून मी कपाटाकडे पाहिले. त्यात सत्काराच्या शाली आहेत. भिंतीवर फोटो आहेत, हार घातलेले. आमच्या खानदेशातून मुक्ताबाईंची पालखी महिनाभराची वाट चालून पंढरीला जाते. त्या वाटेवर मी किती वेळा चाललो, हा आकडा कोणी न विचारता सांगण्याची मला खोड आहे. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ तर नमस्कार करण्याआधी आकडा सांगतात. ही शिंगेच नव्हेत का भिंतीवरची? आपल्या पूर्वजांनी यावर उपाय करून ठेवला आहे. वारीत जो तो दुसऱ्याच्या पाया पडतो, थोराने लहानाच्या पडावे, बुवाने टाळकऱ्याच्या पडावे. सान लोक मांसाला नावे ठेवून जे करतात तेच आपण पायाला हात लावून करतो. पण आपण ते इतके वर्षे करत आलो की आता हात पायाला लागतो आणि मन आकड्यातच राहते.

कोणी म्हणेल, महाराज शिकारीचे समर्थन करू लागले. नाही. १९७२ सालीच वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, तो झाला ते योग्य झाले, आणि हौसेसाठी जीव घेणे मला आजही पापच वाटते, पायी घ्या नाहीतर विमानातून घ्या. त्या बाबालाही आपले कृत्य पाप वाटत होते. फरक असा की पापाच्या मागे तो शेवटपर्यंत चालत गेला आणि मी पुण्य सांगून जीपमध्ये बसलो.

हे आजच्या काळाला लागू नाही असे समजू नका. शहादे-तळोद्याच्या उसात आता बिबट्या राहतो, उसातच त्याची पिले होतात. माणसे दगावली आहेत, लेकरे गेली आहेत. ज्याच्या घरातले लेकरू गेले त्याला भूतदया सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि रेटूही नये. तिथे पिंजरा लावणे, माणूस वाचवणे हाच धर्म. पण बिबट्या दिसला असे कळताच शे-दोनशे लोक काठ्या, दगड आणि मोबाइल घेऊन धावतात, त्याला घेरतात, दगडांनी फोडतात, आणि तो रक्तबंबाळ होऊन उसात शिरला की चित्रे घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्या उसात पहाटे कोयता घेऊन कोण शिरते? ऊसतोडीची बाई. घाव घालणारे गावात चहा पीत असतात.

निघताना बाबा माझ्याबरोबर नाल्यापर्यंत आला. हातात काठी होती, नजर कमी झाली होती, तरी चिखलाकडे पाहत चालत होता. एका जागी थांबून काठीने दाखवले. मांजरासारखा पंजा, पण मोठा. नखे उमटलेली नव्हती. कुत्र्या-तरसाची नखे उमटतात, बिबट्या नखे आत घेऊन चालतो, हे मला तेव्हा कळले. मी येताना याच वाटेने आलो होतो, मला काही दिसले नव्हते. पलीकडे माझ्याच चपलांचे ठसे होते. तो ते पाहून हसला आणि म्हणाला, "दोन वर्षं लागली होय इथवर यायला?"

त्यानंतरच्या सप्ताहात तो मंडपात आला की नाही, हे मी विचारले नाही. विचारावेसे फार वाटले. पण तो आला असे ऐकण्याची मला जी घाई झाली होती, ती मला बरी वाटली नाही.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिलेच आहे. सर्वांत अवघड जनावर कोणते, असेही त्याने परवा पुन्हा विचारले, रानम्हैस की हत्ती. हा अंक छापून आला की त्याला पुण्यास पाठवीन.